उजवी टाच बायकोची, डावी आक्काची

पॉलिशकाका चवड्यांवर चालू लागले तेव्हा जिन्यातल्या शेजाऱ्यांना वाटलं, किती भला माणूस आहे, खालच्यांना पावलांचा आवाज नको म्हणून जपून पाऊल टाकतो. खरं कारण एकट्या काकांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी जाड मोज्यांत लपवून ठेवलं होतं.

काकांचा धंदा फरश्या घासून चकचकीत करण्याचा. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. नव्या घरात फरशी बसली की काका आणि त्यांचा जोडीदार ते जड यंत्र उचलून वर नेत. खाली गोल फिरणारे दगड, वर दांडा, आणि दांड्याला धरून काका. यंत्र अडेल बैलासारखं भलतीकडे ओढायचं आणि काका त्याला चुचकारत सरळ रेषेत न्यायचे. जोडीदार पाणी सोडत राही. त्या पाण्यात दगडाची भुकटी मिसळून राखाडी रेंदा होई आणि काका दिवसभर त्या रेंद्यात अनवाणी उभे असत. चप्पल घाला म्हटलं तर ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, डोळे फसतात, तळवा फसत नाही. एक फरशी दुसरीपेक्षा केसभर वर असली तरी ती त्यांच्या तळव्याला कळायची.

त्या वर्षी थंडी कोरडी पडली आणि काकांच्या टाचांना भेगा पडल्या. आधी बारीक, मग अशा की मोजा काढताना धागे अडकत. काकांनी दुखणं अंगावर काढलं, वर स्वतःच उपचार केला. पिशवीतला सगळ्यात बारीक दगड काढला आणि मोरीत बसून टाचा घासल्या. फरशीला जे लागू पडतं ते टाचेला का पडणार नाही, असा सरळ हिशेब. पहिल्या दिवशी टाच गुळगुळीत झाली. दुसऱ्या दिवशी काकांना टाच टेकवता येईना, चवड्यांवरच उभं राहावं लागलं.

तेव्हा काम चालू होतं एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी. दिवाणखान्यात पांढरी फरशी होती. दुपारी रेंदा धुऊन काढल्यावर खिडकीपाशी एक लालसर ठसा राहिला. नर्सबाई चष्मा लावून वाकल्या. काका म्हणाले, दगडातलाच डाग असेल, नैसर्गिक दगडात असं निघतं कधीकधी. नर्सबाईंनी ठशावरून बोट फिरवलं आणि बोट काकांना दाखवलं.

"दगडाला रक्त येत नाही," त्या म्हणाल्या. "बसा त्या बादलीवर."

काका पालथ्या बादलीवर बसले. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईपुढे हुशारी चालत नाही हे त्यांना लगेच कळलं. घासायच्या दगडाची गोष्ट त्यांनी कबूल केली. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. मग एकेक सांगत गेल्या. दगड, ब्लेड, सुरी, यातलं काहीही टाचेला लावायचं नाही. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचे, कढत नाही, कोमट. टॉवेलने टिपायचे, रगडायचे नाहीत. टाचा ओलसर असतानाच घरात जे तेलकट असेल ते चोपडायचं आणि वर सुती मोजे. कामावर गमबूट. आठवड्याभरात फरक दिसला नाही, किंवा सूज आली, पू झाला, तर घरगुती काही करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

"आणि साखर तपासलीत का कधी?" त्यांनी शेवटी विचारलं.

काकांनी पाय बादलीमागे ओढून घेतले. त्यांच्या वडिलांचा पाय अशाच एका छोट्या जखमेपायी गेला होता. मधुमेह आहे हे घरात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. काका कामाबाहेर जाड मोजे का घालत होते आणि घरी का सांगितलं नव्हतं, ते नर्सबाईंना न सांगता समजलं. त्या एवढंच म्हणाल्या की न तपासल्याने साखर कमी होत नाही.

घरी गेल्यावर काकांनी मोजे काढले आणि बायकोसमोर पाय पुढे केले. बायको शिवणयंत्रावर बसली होती. तळपायाची आग मस्तकात गेली ती तिच्या. दुखण्याचा तिला राग नव्हता. आपल्या नवऱ्याच्या टाचा परक्या बाईने आधी पाहिल्या, याचा होता. तरी बोलता बोलताच ती उठली, पाणी तापवलं, आणि तिच्या आईचं औषध करायला घेतलं. जुन्या मेणबत्तीचा तुकडा खोबरेल तेलात टाकून वाटी गरम पाण्यात धरायची, वितळलं की ढवळत थंड करायचं. लोण्यासारखा घट्ट मलम होतो.

मलम थंड होतोय तोवर समोरच्या गल्लीतून आक्का आली. आक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. तिला वास येतो की काय कोण जाणे, पण या घरात काही बिनसलं की ती पाच मिनिटांत दारात असे. वाटी बघून तिने नाक मुरडलं. टाचेला मेण लावायला तो काय दिवा आहे, असं तिचं मत. तिच्याकडे पिकलेलं केळं आणि मध यांचा लेप होता आणि त्यापुढे जगातलं काही टिकत नव्हतं. नणंद-भावजयीचं गेल्या पंचवीस वर्षांत पडद्याच्या रंगापासून चहातल्या साखरेपर्यंत एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं, ते टाचेवर कुठून जमणार?

पाणी निवायला लागलं तसे काका म्हणाले, "अगं, टाचा दोन आहेत. एकेक वाटून घ्या."

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण काकांची सोय झाली. उजवी टाच बायकोची, डावी आक्काची. रोज संध्याकाळी काका टबात पाय सोडून बसत आणि दोन्ही बाजूंना दोन स्टूल. एकमेकींच्या टाचेकडे त्या बघत नसत, म्हणजे बघताना दिसत नसत.

तिसऱ्या दिवशी डाव्या मोज्यात मुंग्या झाल्या. आक्काने लेप नीट धुतला गेला नव्हता एवढंच मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी ती ग्लिसरीन घेऊन आली. त्यात तिने लिंबू पिळलं होतं. लिंबू भेगेत शिरलं तेव्हा काकांच्या तोंडून जो शब्द आला, तो आक्काने वडिलांच्या नंतर त्या घराण्यात पहिल्यांदा ऐकला. लिंबू बंद झालं, ग्लिसरीन राहिलं. दोन दिवसांनी उजव्या टाचेने सूड घेतला. मलम मोज्याबाहेर आला होता आणि काकांनी स्वतःच्या घरची फरशी आरशासारखी करून ठेवलेली. काका ओट्यापासून निघाले ते थेट दारापर्यंत घसरत गेले आणि दारात बसकण मारली. लागलं काही नाही. बायको मलम थोडा कमी लावू लागली आणि आक्का दोन दिवस खुशीत होती.

रक्त तपासायला जायचं मात्र काका टाळत होते. शेवटी एका सकाळी दोघी चपला घालून दारात उभ्या राहिल्या. अहवाल यायला वेळ होता. तिघं बाकावर बसली, काका मधे. आक्का पिशवीचा बंद पिळत बसली होती. मग भावाच्या डोक्यावरून वाकून भावजयीला म्हणाली, "आमच्या वडिलांचे मोजे मी धुवायची. मला डाग दिसले होते. मी कुणाला बोलले नाही गं."

 काकांच्या पाठीमागून हात नेऊन बायकोने आक्काचा खांदा धरला आणि नाव पुकारेपर्यंत तसाच ठेवला. साखर नव्हती. आक्काने कागद घेऊन तिथल्या तिथे दोनदा वाचला आणि मग चष्म्याशिवाय वाचला म्हणून पुन्हा एकदा.

गमबुटांचं प्रकरण अवघड गेलं. बूट घातल्यावर काकांना फरशी कळेना. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक कड राहून गेली आणि जोडीदाराने ती दाखवली तेव्हा काकांना लाज वाटली. बूट काढून टाकायला ते वाकले आणि वाकता वाकता तळहात फरशीवर टेकला. कड हाताला लागली, अगदी स्वच्छ. त्या दिवसापासून ते पाणी सुकल्यावर गुडघ्यांवर बसून हाताने फरशी तपासू लागले. वेळ थोडा जास्त जायचा. जोडीदार म्हणायचा, काका फरशीला कुरवाळतात.

तीन आठवड्यांनी नर्सबाईंच्या घरी शेवटचा हात फिरवायचा होता. त्या दिवशी काकांबरोबर दोघी न बोलावता गेल्या. काकांना खुर्चीवर बसवलं, मोजे काढले आणि निकालाची वाट बघत उभ्या राहिल्या. भेगा भरल्या होत्या, फक्त बारीक रेघा उरल्या होत्या. नर्सबाईंनी उजवी टाच दाबली, डावी दाबली, पुन्हा उजवी.

"दोन्ही सारख्याच," त्या म्हणाल्या. "कोमट पाणी, मोजे आणि बूट. काम त्यांनी केलंय. वर काय चोपडलं याने फारसा फरक नाही."

 दोघी चहा प्यायल्या, घर छान झालंय म्हणाल्या आणि निघाल्या. काका मागे यंत्राची वायर गुंडाळत होते. जिन्यातून त्यांना आवाज ऐकू आला. आक्का म्हणत होती की मोठ्या दवाखान्यात राहिलं म्हणून सगळंच कळतं असं नाही. बायको म्हणाली, अगदी खरं आहे आक्का, मोज्याने कुठे भेगा भरतात? मग एकीने मेणबत्त्यांचं दुकान विचारलं आणि दुसरी म्हणाली, चला, ग्लिसरीनही त्याच्या शेजारीच मिळतं, दोन्ही एकत्र करून बघू.

काका हातातली वायर तशीच धरून ऐकत राहिले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघींचं एका गोष्टीवर जमलं होतं. नर्सबाईंना त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. फक्त खिडकीपाशी, जिथे तो लाल ठसा होता, तिथे आणखी एकदा कापड फिरवलं.