सोर्स : रत्नागिरी

आम्हा रेडिओवाल्यांना किस्से जमवावे लागत नाहीत. माझ्या दुकानातल्या सुट्या स्क्रूंसारखे ते आपोआप साचतात. कोणता कुठल्या यंत्रातून पडला ते आठवत नाही आणि टाकवतही नाही. सध्या मात्र एकही किस्सा मला धड एका जागी बसून सांगता येत नाही.

मिरकरवाड्याच्या रस्त्याला माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी तिथे हौशी रेडिओवाले जमतात, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून हवेत गप्पा मारणारे. त्यातली सुप्रिया घरी बसून एका कंपनीची नोकरी करते. सुट्टीच्या दिवसांत बसून तिने एक सॉफ्टवेअर लिहिलं. कॉम्प्युटरला रेडिओ जोडायचा, की डिजिटल आवाज ऐकू येतो. ओपन सोर्स! कोड सगळ्यांना खुला, कोणीही घ्या, बदला, पुढे वाटा. वाटायचं काम मी अंगावर घेतलं आणि वेबसाइटवर ‘वितरक’ म्हणून माझं नाव झळकलं, पत्त्यासकट. हट्ट माझाच होता.

*

दाभोळहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना परवान्याच्या परीक्षेला बसायचं होतं.

“तुमचा सोर्स आहे म्हणे?”

“हो, ओपन सोर्स.”

“ओपन? म्हणजे लपवाछपवी पण नाय?” ते एकदम खूश झाले. “मग आमच्या परीक्षेचा बघा की जरा!”

वशिला आणि कोड यांतला फरक समजावण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी ते म्हणाले, “बरां बरां, फोनवर नको. समक्ष येतो!”

*

हातखंब्याला एक मोबाइलवाला आमचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर विकायला लागला. सुप्रिया म्हणाली, विकू दे, लायसन्सला चालतं. फक्त विकत घेणाऱ्याला सोर्सही, म्हणजे मूळ कोडही द्यायला हवा, ही अट आहे. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. तिने अटी वाचून दाखवल्या. तो मान डोलवत राहिला. “देतो ना बाय, उद्यापासून सगळ्यांना सोर्स देतो!”

आठवड्याने पाहिलं, तर प्रत्येक पाकिटावर ठळक छापलेलं: ‘सोर्स : रत्नागिरी’.

“सांगितलाय ना, कुठून आणला तो!” तो म्हणाला. सुप्रियाने पैसे मोजून एक पाकीट विकत घेतलं. ते पाकीट अजून माझ्या काउंटरवर आहे.

*

मग ते पत्र आलं. जाड कागद, इंग्रजी, परदेशी कंपनी. आवाज दाबून आकड्यांत बसवायची जी रीत आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचं पेटंट त्यांचं. वितरकाने, म्हणजे मी, महिन्याभरात खुलासा करावा.

नाझिमभाईंनी ते दोनदा वाचलं. नाझिमभाई म्हणजे जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस. वय एकाहत्तर, मुलं आखातात, बायको जाऊन चार वर्षं झाली. दुकानात सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात शेवटी जातात.

“आवाज आपला?”

“आपला.”

“फक्त दाबायची पद्धत त्यांची?”

“हो.”

“म्हणजे मासळीसारखंच, मावरा आपला आणि टोपली त्यांची. मग टोपली परत दे की!”

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “‘बघू नंतर’ हे तुमचं पेटंट. आता जरा दुसऱ्याचं पण बघा!”

मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून पोस्टमनची सायकल दिसली की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो.

*

वकील गाठले. त्यांची हयात कलमांच्या बागांच्या बांधांवरून भांडण्यात गेलेली.

“सातबारा कोणाच्या नावावर?” त्यांनी सवयीने विचारलं.

“साहेब, सॉफ्टवेअर आहे.”

“तेच. हिस्सेदार किती?”

सुप्रियाने यादी दाखवली. तिच्या कोडमध्ये जगभरातल्या लोकांचे तुकडे होते. वकिलांचा चेहरा उजळला. “सामायिक जमीन! अहो, हिचं वाटप तुमच्या नातवंडांच्या काळातही व्हायचं नाही!”

मग मात्र ते गंभीर झाले. आपल्याकडे नुसत्या सॉफ्टवेअरला सहसा पेटंट मिळत नाही, पण तुमचं पान परदेशातही उघडतं. आवाजाचा भाग काढून टाका. आणि आजवर जे वाटलंत, त्याबद्दल विचारायला येतील ते वितरकाकडेच. सुप्रियाकडे वळून म्हणाले, “तुम्ही नाव पुढे करू नका. कंपनीच्या करारात असली कामं बसत नसतील, तर नोकरी जाईल.”

*

सुप्रियाने आवाजाचा भाग काढला. माझं नाव तसंच राहिलं. खुलाशाला चार दिवस उरले. जेवण जाईना, दुरुस्तीला आलेले मिक्सर उघडे पडून. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. गुरुवारी दुपारी ठरवलं, गुपचूप आपलं नाव काढून टाकायचं. आमचं पान तिघांनाच बदलता येतं, मला, सुप्रियाला आणि नाझिमभाईंना. पण कारण लिहिल्याशिवाय बदल होत नाही, आणि कोणी, कधी, का बदललं याची नोंद कायम राहते. काय कारण लिहावं याचा विचार करतच पान उघडलं.

तिथे माझं नाव नव्हतंच!

सकाळी अकराला सुप्रियाने ते काढून स्वतःचं टाकलं होतं. कारण: ‘कोड मी लिहिला आहे.’

सव्वा वाजता ते पुन्हा बदललं होतं. वितरक: नाझिमभाई, मुक्काम राजिवडा, घर नंबरासकट. एका बोटाने टाइप करतात ते, तरी एकही चूक नव्हती.

कारण: ‘नोटीस माझ्या घरी येऊ दे. तेवढंच कोणीतरी दार वाजवेल.’