टापीर बोडीवर आला

लिहायला बसलो तेव्हापासून संकोच वाटतो आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तेवढ्यावर लगेच आपल्या आठवणी लिहायला घ्याव्यात, हे कुणालाही आगाऊपणाचं वाटेल. ज्यांना वाटेल त्यांची माफी मागतो. पण त्या सकाळची भीती अजून अंगातून गेलेली नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. मोहफुलं पडायला लागली की उजाडायच्या आधीच घरं रिकामी होतात. कुठलं झाड कुणाचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमचं झाड बोडीच्या, म्हणजे गावामागच्या छोट्या तळ्याच्या काठावर. तिथे आई एकटीच जायची. मागे राहिलेल्या लहान मुलांना मी समाजमंदिरात गोळा करायचो आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेली चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायचो.

टापीरचं पुस्तक त्यांना सगळ्यात आवडे. टापीर हा लांबच्या देशातला प्राणी, डुकरासारखं अंग आणि पुढे लोंबणारं आखूड नाक. पुस्तकातला टापीर फार भित्रा. कुठे खुट्ट झालं की पाण्यात शिरायचा आणि नुसतं नाक वर ठेवायचा. ते पान आलं की मुलंही आपापली नाकं बोटांनी वर उचलायची.

त्या दिवशी वाचन चालू असताना, बोडीकडे बकऱ्या सोडायला गेलेली एक मुलगी धापा टाकत आली.

"भाऊ, तुमचा टापीर बोडीवर आला."

सगळे हसले. "इमानानं आला का व?" एकाने विचारलं.

"खोटं नाई सांगत. पाण्यात बसून राह्यला. नुसतं नाक वर हाय त्याचं."

मीही हसत होतो. मग तिने हात लांब करून नाक केवढं ते दाखवलं, आणि मी पुस्तक मिटलं. पलीकडच्या तालुक्यांत हत्तींचा कळप फिरतो, हे मोबाईलवर ऐकलं होतं. आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. सुळ्यांचा, सुपाएवढ्या कानांचा हत्ती या मुलांनी ओळखला असता. पण कान पाण्याखाली गेलेलं पिल्लू त्यांना टापीर वाटणार, दुसरं काय वाटणार? आणि पिल्लू पाण्यात असेल तर त्याची आई काठावर असणार. काठावर आमचं झाड होतं.

मी दाराकडे धावलो. शेजारचे म्हातारे काका ओट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं तसे ते उठून आडवे आले.

"तू कुठी चालला? हे पोट्टे येतीन ना तुह्या मागं. बस इथीच. मी माणसं घेऊन जातो."

"माय आहे तिथं."

"मले माहीत हाय कोण हाय ते. बस म्हनलं ना."

ते काठी टेकत गेले. मी दार लावून घेतलं. फोन लावावा तर आई जंगलात फोन नेत नाही, आणि रेंज तशीही नव्हती. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, "भाऊ, वाचा ना."

मी वाचू लागलो. शब्द दिसत होते, पण तोंडातून नीट निघत नव्हते. एक ओळ दोनदा वाचली तरी कुणी टोकलं नाही. मध्येच बोडीकडून आवाज आला. तसा आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. पत्रा फाडत न्यावा तसा, पण जिवंत. मुलं माझ्या अंगावर येऊन पडली. मी त्यांना धरलं की त्यांनी मला, सांगता येत नाही. नंतर सगळं शांत झालं, आणि मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. आईला हाक मारावीशी वाटत होती. मुलांदेखत मारली नाही.

ऊन दारातून आत सरकलं तेव्हा काका आले. आधी पाणी मागितलं, घटाघटा प्यायले.

"पल्याडच्या टोल्यावर, एका घरी हाय तुही माय," ते म्हणाले. "पाय मुरगळला, बाकी काई नाई. अर्धी टोपली हत्तीनं खाल्ली म्हून सकाळपासून त्याले शिव्या देऊन राह्यली."