भिंतीवरचे बाबा

इथे परदेशात, बुकित पंजांगला आमच्या इमारतीखालच्या बाकावर एक काका रोज सकाळी बसलेले असतात. दाढी गुळगुळीत, मिशी काळीभोर रंगवलेली, फोन हातात. जन्मभर सिनेमा-मालिकांत कामं केली. आता लेकीकडे राहतात. कपड्यांच्या घड्या घालताना मी जी मालिका लावते, तिच्यात नायिकेच्या वारलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो भिंतीवर असतो. तो यांचा.

"काल दिसलो का?" ते मला रोज विचारतात. लेकीला तो हार बघवत नाही, म्हणून घरात मालिका लावत नाहीत.

"दिसलात. पण काका, मिशी कशाला रंगवता?"

"फोटोसारखीच हवी. पोरीला बापाची आठवण येते असा प्रसंग लिहिला, की मला बोलावतील."

"मग सरळ फोन करून विचारा ना! कामं लटकत ठेवू नयेत."

ते हसले. "विचारलं, तर भिंतीवरूनही काढतील गं."

काल मालिकेतलं कुटुंब नव्या घरात राहायला गेलं. देवघर मांडलं, पडदे लावले. फोटो कुठेच नव्हता.

आज मला मार्केट गाठायचं होतं. "काल दिसलो का?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले.