ऑफिससाठी चिवडा

मंदार गेल्याचा मेसेज त्याच्या बायकोने, नेहाने पाठवला तेव्हा मी ऑफिसच्या किचनमध्ये चहा घेत उभा होतो. ज्युलीला, आमच्या मॅनेजरला, सांगितलं. ती म्हणाली, "पण तो तर इंडियात आहे ना?" तो इथल्याच ट्रुगानिना उपनगरातल्या त्याच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या हॉस्पिटलात होता... आणि हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

मंदारला आतड्यांचा जुनाट आजार होता. वर्षातून एकदा तरी तो उसळायचाच, मग दोन-तीन आठवडे अंथरूण. सिक लीव्ह भरपूर शिल्लक, पण गडी ती घेईल तर शपथ. व्हिसा कंपनीच्या हातात होता तेव्हा आजार लपवायची सवय लागली, ती पीआर मिळून इथे कायमचं राहता येऊ लागल्यावरही सुटली नाही. "एकदा आजारी म्हणून शिक्का बसला की संपलं रे," म्हणायचा. मग वार्षिक रजा टाकायची, पुण्याला चाललो म्हणायचं आणि हॉस्पिटलात भरती व्हायचं. पुण्यात आईला सांगायचं, रजा मिळत नाही.

इंडियाहून आलं की ऑफिसात खाऊ ठेवायचा, ही आपली पद्धत. त्याचा खाऊ इथल्या इंडियन दुकानातून मीच आणायचो. पोह्यांचा चिवडा, पाकिटावरचं दुकानाचं लेबल नखाने खरवडून. ज्युली आवडीने खायची. मंदारला त्यातला शेंगदाणाही चालत नसे. मला या नाटकाची गंमत वाटायची, याची आता लाज वाटते. एकदा म्हटलं, "अरे, एकदा खरंच जाऊन ये की." "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाला. तोवर आईला भेटून चार वर्षं झाली होती.

मंदारच्या मृत्यूनंतर, गेल्या महिन्यात, मी पुण्याला त्याच्या आईकडे गेलो. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "तिकडे रजा मिळणं इतकं अवघड असतं का रे?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार... निघताना त्यांनी चिवड्याचा स्टीलचा डबा हातात दिला. "त्याच्या ऑफिसातल्यांना दे. घरचा आहे. डबा सवडीने परत आण."

परतल्यावर सोमवारी डबा ऑफिसच्या किचनमध्ये नेहमीच्या जागी ठेवला. ज्युलीने मूठभर चिवडा घेतला आणि म्हणाली, "हा वेगळा लागतोय." "हा पुण्याचा आहे," मी म्हणालो.

डबा धुऊन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. काकूंना परत द्यायला जायचं म्हणून मी रजा टाकली. त्याच दुपारी मंजूर झाली.