लेडी मॉडची घंटा

ग्रिम्सबीच्या गोदीवर लेडी मॉड नावाचा ट्रॉलर मोडीत निघाला, तेव्हा खलाश्यांनी हाताला लागेल ते उचललं. कुणी कंदील नेला, कुणी घड्याळ. विल्फ ब्लँचर्डनं पितळी घंटा काढली आणि कोटाखाली लपवून घरी आणली. एकोणीस वर्षं तो त्या बोटीवरून आइसलँडच्या पाण्यात मासे मारत होता, घंटेवर आपला हक्कच आहे असं त्याला वाटे. बायको होती तोवर ती परसदारी टांगलेली असायची, पोरांना गल्लीतून जेवायला बोलावण्यापुरती.

मग बायको गेली, आणि पुढं विल्फला झटका येऊन त्याचं उजवं अंग लुळं पडलं. तेव्हा कॅनडातल्या कॅल्गरीहून त्याचा मुलगा कीथ दोन आठवड्यांसाठी आला. त्यानं घंटा पुढच्या खोलीत बापाच्या खुर्चीशेजारी, खिडकीच्या चौकटीवर चार स्क्रू मारून बसवली आणि डाव्या हाताला पोचेल अशी दोरी बांधली. "आता ओरडायची गरज नाही, बाबा. दोरी ओढली की मॅक्सीन हजर," तो म्हणाला आणि विमानात बसून परत गेला. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

मॅक्सीन ही कीथची थोरली बहीण, वय सत्तावन्न. बावीस वर्षं तिनं गोदीवरच्या धुरीघरात धुरावण्यासाठी हॅडॉक मासे सळयांवर ओवले. लग्न झालं होतं, मोडलंही होतं, पोरबाळ नव्हतं. तेव्हा बापाजवळ कोण राहणार, असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिनं काम सोडलं आणि माहेरच्या वरच्या खोलीत परत आली. घंटेचा एक टोला म्हणजे चहा, दोन म्हणजे कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, तीन म्हणजे रेडिओचा आवाज वाढवायचा. भिंतीपलीकडच्या ब्रेंडाला हे सगळं पाठ होतं. "काल दुपारी चारदा दोन-दोन वाजले गं, पोट बिघडलंय का म्हाताऱ्याचं?" असं ती कुंपणावरून खुशाल विचारायची.

दोन टोल्यांच्या मधला वेळ मात्र मॅक्सीनचा होता. कधी अर्धा तास, नशीब असेल तर तास. त्यात ती परसात उभी राहून सिगारेट ओढी आणि जॅकीचे निरोप परत परत वाचे. जॅकी तिची धुरीघरातली मैत्रीण. स्पेनच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात ती आता चहा-नाश्त्याची जागा चालवत होती. वरची खोली रिकामी आहे, तिनं लिहिलं होतं, हाताखाली माणूस हवंय, पण यायचं तर लवकर ये, आपला देश युरोपीय संघातून पुरता बाहेर पडला की मग कागदांचा घोळ सुरू होणार.

जॅकीचे निरोप वाचणं म्हणजे इतके दिवस नुसती करमणूक होती. पण नाताळ उलटला आणि कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आलं. समुद्राकडच्या रस्त्यावर जो वृद्धाश्रम होता, तिथं एक खाट रिकामी होत होती आणि यादीत विल्फचा नंबर लागला होता. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी कौन्सिलच्या बाई घरी येतील, तेव्हा काय ते सांगा, नाहीतर खाट पुढच्या नावाला जाईल. मॅक्सीननं पत्र पावाच्या डब्यात, पावाखाली ठेवलं. बापाला सांगायचं होतं. रोज सकाळी सांगायचं होतं.

तेवढ्यात राजघराण्याची बातमी फुटली. राणीचा नातू, युवराजाचा धाकटा मुलगा, आणि त्याची बायको दरबारी कामातून मागं होणार, काही काळ इथं आणि काही काळ कॅनडात राहणार. सगळा देश ज्याला त्याला त्याचं मत विचारत सुटला. मासळीवाला पुडी बांधताना बोले, औषधाच्या दुकानात रांग बोले. कुणी सगळं खापर बायकोवर फोडी, कुणी वर्तमानपत्रांवर, आणि खर्च मात्र आमच्या माथी, हे सगळेच म्हणत. विल्फला तर आठ वर्षांत इतकं बळ आलं नव्हतं. त्या दोघांच्या लग्नाच्या वेळी ब्रेंडानं त्यांच्या चित्राचा मग आणून दिला होता, त्यात त्याची कवळी असायची. तो मग त्यानं भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावला.

"पाळी सोडून निगाला," तो म्हणाला. "बोटीवर आसं कुणी केलं आसतं तर थोबाड फोडलं आसतं आमी. आदी पाळी भरायची, मग बंदर."

मॅक्सीन त्याच्या गळ्याखाली टॉवेल खोचत होती. "कीथ पण गेलाच की, बाबा."

"कीथचं येगळं. तेला काम मिळालं," विल्फ म्हणाला. "आन् हितं तू हायेस की."

यात टोमणा नव्हता. उद्या भरती किती वाजता आहे हे सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या रेडिओवर हाच विषय होता. डग नावाचा निवेदक लोकांचे फोन घ्यायचा, आणि विल्फचा रेडिओ जागेपणी कधी बंद नसे. मॅक्सीननं त्याला चहा दिला, टोस्टच्या पट्ट्या कापून दिल्या आणि कपडे भिजवते म्हणून वर गेली. वर न्हाणीघरात टबच्या काठावर बसून तिनं रेडिओचा नंबर लावला. का लावला हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पावाखालचं पत्र खाली सांगता येत नव्हतं, एवढंच. नाव विचारलं तेव्हा तिनं आयरीन सांगितलं, गाव शेजारचं क्लीथॉर्प्स सांगितलं. घरातला रेडिओ बंद करा, असं तिकडची फोन घेणारी मुलगी म्हणाली. इथलं बोलणं वीस-पंचवीस सेकंदांनी हवेत जातं, कुणी शिवी हासडली तर कापता यावी म्हणून, त्यामुळं मागं रेडिओ चालू असला की गोंधळ होतो. इथं रेडिओ नाहीच, मॅक्सीन म्हणाली. न्हाणीघरापुरतं ते खरं होतं.

वीस मिनिटांनी डग म्हणाला, "बोला आयरीन."

"नमस्कार," मॅक्सीन म्हणाली. दवाखान्यात बोलायची ती ठेवणीतली भाषा तिनं काढली होती. "मला असं वाटतं की त्या मुलाला जाऊ द्यावं."

"का बरं? त्याला काय कमी आहे?"

"कमी काही नाही. छप्पर आहे, खायला आहे. पण सकाळी डोळे उघडायच्या आत आपला दिवस दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. लोक म्हणतात कर्तव्य आहे." तिचा श्वास वाढला आणि ठेवणीतली भाषा गळून पडली. "म्हणणारे लांबनं म्हणत्यात. पार कॅनडातनं म्हणत्यात. माझ्या घरी एक म्हातारं माणूस हाय. जीव हाय माझा तेच्यावर. पर सकाळी जिना उतरताना मनात येतं, आज दार उघडीन आन् त्यो रातीच गेलेला आसंल. आन् तसं मनात आलं की मला बरं वाटतं."

खाली घंटा वाजली. एक टोला, मग लागलीच दुसरा, तिसरा, चौथा. चार म्हणजे काय, हे ठरलेलंच नव्हतं. पडला, असं वाटून तिनं "मला बोलावलंय" म्हणत फोन बंद केला आणि जिन्यावरून धावत खाली आली.

विल्फ पडला नव्हता. दोरी हातात धरून, डोळे चमकवत तो दाराकडं बघत होता. "ये, ये, ऐक," तो म्हणाला. "कुठली बया हाय बघ, म्हंती जाऊ द्या तेला."

रेडिओतून मॅक्सीनचा आवाज येत होता. म्हणणारे लांबनं म्हणत्यात. ती दारातच उभी राहिली. चार पावलं टाकून बटण दाबता आलं असतं, पण पाय उचलला नाही. दोघांनी मिळून ते पुढचं सगळं ऐकलं. जिना उतरतानाचं ऐकलं, बरं वाटतं हे ऐकलं. मग रेडिओत घंटा वाजली. चार टोले.

विल्फनं रेडिओकडं बघितलं. मग हातातल्या दोरीकडं. मग दोरी हळूच सोडून दिली. ती भिंतीवर थोडा वेळ हलत राहिली.

"घंटा?" रेडिओत डग हसत होता. "घंटा वाजवून कुणाला बोलावतात हो हल्ली? आयरीन, तुम्ही राजवाड्यातून तर बोलत नव्हता?"

"बाबा," मॅक्सीन म्हणाली.

"चा गार झाला," विल्फ म्हणाला. "तेवढंच सांगायचं हुतं."

त्या दिवशी घंटा पुन्हा वाजली नाही. चहाची वेळ झाली, तेव्हा तीच आत गेली. कमोडसाठी तिनं विचारलं, तर तो हो म्हणाला, पण बोलावलं नाही. शनिवारी सकाळी कपडे करताना त्याच्या डाव्या पायात मोजा नव्हता, पाऊल गारठून निळसर झालं होतं. मोजा कुठं गेला, ते तिला घंटा पुसताना कळलं. राखाडी लोकरीचा जाड मोजा घंटेच्या पोटात गच्च कोंबला होता, लोलकाभोवती गुंडाळून. एका हातानं स्वतःच्या पायातून मोजा काढायचा आणि हात वर नेऊन तो तिथं बसवायचा, याला त्याला तासभर तरी लागला असेल. तिनं मोजा काढून त्याच्या पायात घातला. दुपारी पाऊल पुन्हा उघडं होतं.

रेडिओचं पहिल्यांदा बोलली ती ब्रेंडा. "काय आयरीनबाई," कुंपणावरून हसत ती म्हणाली, "आमचं नाव नाही ना घेतलंत रेडिओवर?" मग मॅक्सीनचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं, आणि संध्याकाळी गुपचूप बटाटा-मटण भरून भट्टीत भाजलेला पॅटिस आणून दिला. म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं होतं. आपली घंटा कोण ओळखणार नाही?

रविवारी कीथचा फोन आला. येऊ दे की तुमच्या राजपुत्राला इकडं, जागा बख्खळ आहे, अशी त्यानं थट्टा केली. "सगळं झकास हाय," विल्फ त्याला म्हणाला. मॅक्सीननं फोन घेतला आणि सगळं झकास आहे म्हणाली.

मंगळवारी दुपारी ती स्वयंपाकघरात हॅडॉक तळत होती आणि कान पुढच्या खोलीकडं लावून होती. तळण झालं, वाटाणे शिजले. घर इतकं शांत होतं की तिला आनंद व्हायला हवा होता. ती ताट घेऊन गेली तेव्हा विल्फ खुर्ची आणि खिडकी यांच्या मधे जमिनीवर पडलेला होता. एकट्यानं कमोडकडं जायला निघाला होता. पाटलोण भिजून पुन्हा गार झाली होती, म्हणजे बराच वेळ झाला होता. दोरीचं टोक त्याच्या बोटांना लागत होतं.

"हाक का नाही मारलीत?" तिनं विचारलं. ती त्याच्या शेजारी खाली बसली होती, तळलेल्या माशाचं ताट हातातच होतं.

"तू कामात हुतीस," विल्फ म्हणाला.

अँब्युलन्सवाल्यांनी त्याला उचललं, तपासलं. बरगड्यांना मार होता, मोडलं काही नव्हतं. त्यातल्या एकानं घंटा बघून, हे फार छान केलंय म्हणून कौतुक केलं.

शुक्रवारी कौन्सिलच्या बाई आल्या. मॅक्सीननं अजूनही पत्राचं सांगितलं नव्हतं, तेव्हा विल्फला ते बाईंच्याच तोंडून कळलं. त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही. खोली समुद्राच्या बाजूला आहे का, एवढं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, समुद्र दिसत नाही, पण वास येतो.

"मग लिवा माझं नाव," विल्फ म्हणाला.

मॅक्सीनला फक्त गप्प बसायचं होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. स्पेनमधली ती न पाहिलेली खोली या क्षणाइतकी जवळ कधीच आली नव्हती. मॅक्सीनची नजर बापाच्या डाव्या पायावर गेली. पाऊल उघडं होतं, नखं वाढली होती.

"नको," ती म्हणाली. "ते इथंच राहतील. मी आहे."

ते मायेनं म्हटलं नव्हतं, हे म्हणता म्हणताच तिला कळलं होतं. आता तो गेला असता तर गल्लीनं, कीथनं, तिनं स्वतः जन्मभर म्हटलं असतं की आयरीननं बापाला घालवला. बाईंनी पुन्हा विल्फला विचारलं. त्यानं मान वळवून खिडकीकडं केली. एक आठवडा विचार करा म्हणायलाही जागा नव्हती. बाईंनी टोपण लावलं, चहा अर्धा ठेवून गेल्या. खाट पुढच्या नावाला गेली.

दार लागल्यावर विल्फनं मान तिच्याकडं वळवली.

"मी जायला तयार हुतो," तो म्हणाला. "एकदा तरी खरं बोलायचं हुतंस, मॅक्सीन. ती रेडिओवरची बाई तुझ्यापरीस धीराची हुती."

जॅकीला तिनं कळवलं. जॅकीनं तीन दिवसांनी उत्तर धाडलं, हरकत नाही, एक पोलिश मुलगी मिळाली आहे, चांगली आहे. राजपुत्राचंही ठरून गेलं. तो मोकळा झाला, लोकांचं बोलणं संपलं, आणि डगच्या कार्यक्रमात रस्त्यांवरचे खड्डे आले.

मॅक्सीननं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढच्या खोलीत आणून ठेवली. घंटा वाजणार नव्हती, तेव्हा दुसरा उपाय नव्हता. पूर्वी दोन टोल्यांच्या मधे ती परसात जाऊन सिगारेट ओढत असे. आता ती समोर बसून राहते, त्याचा हात कुठं जातो, ओठ हलतात का, पाय कुठं सरकतो हे बघत. मोजा ती रोज सकाळी काढून पायात घालते. दुपारी तो घंटेत असतो. कधी कोंबतो, ते तिला एवढं समोर बसूनही दिसलेलं नाही. बहुधा तिचा डोळा लागतो तेव्हा.

एका सकाळी डगनं क्लीथॉर्प्सहून आलेला फोन घेतला आणि लगेच म्हणाला, आयरीन तर नाही ना, घंटावाल्या? पलीकडची बाई हसली. विल्फनं डावा हात लांब केला, बराच वेळ चाचपडला, आणि रेडिओ बंद केला.

"काही हवंय का, बाबा?" मॅक्सीननं विचारलं.

"काय न्हाई," विल्फ म्हणाला.

दहा मिनिटं गेली असतील. तिनं पुन्हा विचारलं.