एक्केचाळीस ओळी

वेबसाइट उघडून चार महिने झाले होते आणि तिच्यावर वाचण्यासारखा एकच शब्द होता : 'लवकरच'.

तो शब्द ज्याने लिहून घेतला, त्याला छापखान्यात सगळे लालपेन म्हणत. चौतीस वर्षं त्याने मुद्रितशोधन केलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका लाल पेनाने काढल्या. पाठ्यपुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, लग्नपत्रिका, जे समोर येईल ते. निवृत्त झाला तरी नाव चिकटूनच राहिलं. घरी वर्तमानपत्र वाचतानाही त्याच्या हातात लाल पेन असे आणि बायकोने सामानाची यादी लिहून ठेवली तर तीही दुरुस्त होऊन परत येई.

लालपेनने दारू सोडून अकरा वर्षं झाली होती. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक गट जमे. कोणी दारू सोडलेले, कोणी सोडू पाहणारे. दोघं-तिघं असेही, की ज्यांनी कधी थेंबही घेतला नाही, पण सकाळी अंथरुणातून उठणं हेच ज्यांना डोंगराएवढं होऊन बसलं होतं. तिथे कोणाला नावाने हाक मारत नसत. वेल्डर, शिवणवाल्या बाई, लालपेन, एवढी ओळख पुरे. लोक बोलत, आणि कधीकधी असं बोलून जात की ऐकणाऱ्याच्या घशात चहा अडकावा. मग कप विसळले जात, खुर्च्या एकात एक घातल्या जात आणि बोललेलं तिथेच विरून जाई.

हे लिहून ठेवायला हवं, असं लालपेनला वाटू लागलं. ज्याला खोलीपर्यंत यायचा धीर होत नाही, त्याला निदान घरी बसून मोबाइलवर वाचता येईल. त्याची लेक घरूनच वेबसाइटी बनवायचं काम करी. तिने दोन दिवसांत पान तयार केलं. नाव त्यानेच दिलं, 'दुसरं प्रूफ'. पहिल्या प्रुफात चुका असणारच, दुसरं त्यासाठीच असतं, असं त्याने समजावून सांगितलं.

"पहिलं मी सोसलं," बायको म्हणाली. "दुसरं वाचायला तरी बरं निघू दे."

नाव ठरलं, पान झालं, मजकूर मात्र येईना. गटात जो तो म्हणे, "लिहितो ना, नक्की लिहितो." शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "आधी बाकीच्यांचं येऊ दे, मग माझं." बाकीच्यांचंही हेच म्हणणं होतं. चार महिन्यांत सहा गोष्टी आल्या. पहाटे उठण्याच्या फायद्यांवर दोन लेख. व्यसन सोडवणाऱ्या कसल्याशा चूर्णाची जाहिरात. एका डॉक्टरांचं नऊ पानी प्रवचन, ज्यात रुग्ण नावाचं माणूस कुठेच नव्हतं. एक प्रेमकविता, बहुधा चुकून आलेली. सहावं पाकीट रिकामंच.

"बाबा, 'लवकरच' काढू का?" लेक विचारी. "लोक हसतील."

"हसायला आधी लोक यायला हवेत," लालपेन म्हणे आणि चष्मा पुसत बसे.

अशात एका गुरुवारी वेल्डर खुर्च्या उचलेपर्यंत थांबला. चाळिशीचा, धिप्पाड, हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. गटात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याने शर्टाच्या आतून शाळेची चौकटींची वही काढली.

"काका, मोबाइलवर जमत नाही मला. हाताने लिहिलंय. बघा, घेण्यासारखं असलं तर घ्या."

लालपेनने घरी येऊन पायातल्या चपला न काढताच वही उघडली. पहिली दोन पानं वाचली आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सकाळी कामावर हात थरथरतो म्हणून वेल्डिंगची रेघ वाकडी येते, मालक ओरडतो, हात थरथरू नये म्हणून आधी दोन घोट घ्यायचे, मग रेघ सरळ येते, आणि ती सरळ रेघ बघून आपलीच आपल्याला भीती वाटते. चौतीस वर्षांत इतका स्वच्छ मजकूर त्याच्या टेबलावर क्वचितच आला असेल. तिसऱ्या पानावर मात्र एकाखाली एक ओळी होत्या. 'आज घेतली नाही.' 'आज घेतली नाही.' पानभर तेच, आणि मागच्या पानावरही.

लालपेनच्या हाताने जे आयुष्यभर केलं तेच केलं. वरपासून खालपर्यंत ओळी मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. मग दोन्ही पानांवर लांब लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'पुनरुक्ती.' त्याऐवजी एक नेटकं वाक्य घातलं : 'पुढचे एक्केचाळीस दिवस मी दारूला शिवलो नाही.'

लेकीने मजकूर चढवला. 'लवकरच' गेलं. लालपेनने पुढच्या गुरुवारी सगळ्यांना पान दाखवलं आणि वही वेल्डरला परत दिली. वेल्डरने मोबाइलवर वाचलं. मग वही उघडून ती लाल रेघ पाहिली. पान उलटून मागेही पाहिली.

"बरं," तो म्हणाला, आणि चहा न घेताच गेला. वही खुर्चीवरच राहिली.

पुढच्या गुरुवारी वेल्डर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गटात दोन गुरुवार गैरहजर म्हटलं की कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच येतं. लालपेनने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. मग एका दुपारी चार शब्दांचा निरोप आला, 'माझं लिहिलेलं काढून टाका.'

लेकीने काढलं. 'लवकरच' पुन्हा येऊन बसलं.

लालपेनचा तोल सुटला. "हात टेकले मी! पाच महिने झाले याच्यामागे. एक माणूस, एकच माणूस लिहितो, आणि तोही रुसतो! काय वाईट केलं मी? उलट सुधारून दिलं!"

"बघू ती वही," बायको म्हणाली.

"आता काय बघायचंय?"

"तुम्ही ओरडा. मी बघते."

तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वही मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येऊ लागली, जणू कोणाची हजेरीच घेत होती. लालपेन दारात उभा राहून, लेखक लोक कसे हळवे असतात, यावर बोलत होता. पान उलटल्यावर बायकोचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"ही वाचलीत?"

"सगळ्या सारख्याच आहेत गं."

"ही तेविसावी आहे. वाचा."

लाल रेघ त्या ओळीच्या बरोबर पोटातून गेली होती. रेघेखाली लिहिलं होतं : 'आज घेतली. बाटली पोरीच्या दप्तरात लपवली होती. तिला शाळेत सापडली. तिने संध्याकाळी मुकाट्याने आणून दिली, आणि मी घेतली.' त्याच्या खाली चोविसावी ओळ, पुन्हा 'आज घेतली नाही.'

लालपेन फ्रिजला टेकला. औषधाच्या पत्रकातला चुकलेला दशांश ज्याने डोळ्यांत तेल घालून पकडला होता, त्याला ही सबंध ओळ दिसली नव्हती. वर त्याने स्वतःच्या हाताने खोटं छापलं होतं. एक्केचाळीस दिवस कोण शिवलं नव्हतं?

"सारख्या असत्या तर माणसाने एवढ्या लिहिल्या कशाला असत्या?" बायको म्हणाली. "मी मोजायचे ना तुमचे दिवस. एकेक दिवस लांबच लांब असायचा." वही मिटून तिने त्याच्या हातात दिली. "तुम्ही दप्तर सोडलंत, तेवढं नशीब. माझा शिवणाचा डबा काही सोडला नव्हतात."

दुसऱ्या दिवशी तो वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये गेला. आत लोखंडाची फाटकं भिंतीला लावलेली, जमिनीवर वायरींचं जाळं. वेल्डरने तोंडावरचा मुखवटा वर केला. डोळे स्वच्छ होते. लालपेनने आधी तेच पाहिलं आणि वेल्डरलाही ते कळलं.

"घेतलेली नाही," तो म्हणाला. "दुकानापर्यंत गेलो होतो एकदा. परत आलो. वास घ्यायचा तर घ्या."

"मी त्यासाठी नाही आलो."

"बसा मग. नाही, तिथे नको, तापलंय ते."

लालपेन उलट्या डब्यावर बसला. वेल्डर हातमोजे काढत म्हणाला, "काका, ती ओळ मी कोणालाच सांगितली नव्हती. गटातपण नाही. वाटलं, तुम्ही वाचाल. आणि तुम्ही नेमकी तीच खोडलीत. मला वाटलं, अकरा वर्षं न घेतलेला माणूस, त्यालासुद्धा माझी किळस आली." मग अंदाज घेतल्यासारखं म्हणाला, "का पोरीचा विचार करून काढलीत? तसं असेल तर सांगा. मग माझा राग नाही."

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. वेल्डर परत आला असता, पान परत चढलं असतं, आणि लालपेनची चौतीस वर्षं शाबूत राहिली असती.

"मी वाचलीच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ओळी मोजल्या. वाचल्या नाहीत. वरच्या दोन बघितल्या आणि रेघ मारली."

वेल्डरने हातमोजे बाजूला टाकले. "चौतीस वर्षं हेच करत होता?"

"नाही रे. म्हणजे... आता मला काय माहीत!"

वेल्डरला हसू आलं, पण ते बरं हसू नव्हतं. "किळस आली असती तर बरं होतं की. निदान वाचलं तरी असतंत." त्याने एक रॉड उचलला, परत ठेवला. "दोन आठवडे झोप नाही मला, माहितीये?"

"परत चढवू. जसंच्या तसं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस."

"ते माझ्या हातात नाही आता. दप्तर तिचं आहे. आधी तिला विचारायला हवं. बारा वर्षांची आहे, काय विचारू?" तो मुखवट्याकडे हात नेता नेता थांबला. "आणि तुमचं कुठंय?"

"माझं काय?"

"लिहिलेलं. सगळ्यांकडे मागत फिरता. तुमचं कधी वाचलं नाही कोणी."

वेल्डरने मुखवटा खाली ओढला. निळा उजेड पेटला आणि त्याला तोंड फिरवावं लागलं.

पुढचे सहा दिवस तो टेबलाशी बसला. एक ओळ लिही, लाल रेघ मार. दुसरी लिही, रेघ मार. बायकोने लाल पेन उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं, तेव्हा कुठे एक पान झालं. शिवणाचा डबा त्यात आला होता, एका वाक्यात.

गुरुवारी वेल्डर आला. उशिरा आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. कप विसळून झाल्यावर लालपेनने पान त्याच्यापुढे धरलं.

"तपास."

वेल्डरने पान गुडघ्यावर ठेवलं. एकेका शब्दावर काळवंडलेलं बोट सरकू लागलं. ओठ हलत होते. इतकं सावकाश वाचताना लालपेनने आयुष्यात कोणाला पाहिलं नव्हतं.

"इथं," वेल्डर म्हणाला. बोट थांबलं होतं. "डब्यात बाटली लपवली, बायकोला सापडली. मग?"

"मग काय? सापडली."

"ती काय म्हणाली?"

"ते... ते महत्त्वाचं नाही तिथे."

"मी काही शिकलेला नाही, काका. पण इथं भोक आहे."

लालपेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरमर करून एक पान लिहिलं, आणि हा फाटकं जोडणारा माणूस त्यात भोक काढतो! त्याने पान ओढून घेतलं. ती त्या दिवशी काय म्हणाली होती, हे तो आठवू लागला. डबा आठवला, रिळं आठवली, बाटलीला चिकटलेला दोरा आठवला. तिचे शब्द आठवेनात. तो तेव्हा शुद्धीवरच कुठे होता?

"पोरीला विचारलंस?" त्याने चिडूनच विचारलं.

"नाही अजून. तुम्ही?"

"मी कोणाला विचारायचंय?"

वेल्डर उठला. खुर्च्या एकात एक घालू लागला. लालपेनने पानाची घडी करून खिशात ठेवली आणि घराकडे निघाला. नेहमीचा दहा मिनिटांचा रस्ता त्या संध्याकाळी त्याला फार लवकर संपल्यासारखा वाटला. बायको टेबलाशी बसून सामानाची यादी करत होती. त्याने खुर्ची ओढली, पान उलगडून तिच्यासमोर ठेवलं आणि डब्याच्या वाक्यावर बोट टेकलं.

"इथं तू काय म्हणाली होतीस?"

तिने यादी बाजूला सारली. पान वाचलं, हळूहळू, बोट ठेवत. मग उठून पिठाच्या डब्यामागून पेन काढून आणलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "आणि मध्ये खोडू नका."