एकाच दिशेला झुकलेला बर्फ

माझं काम ऐकलं की सासरचे लोक आधी हसतात, मग बर्फाच्या गोळ्याचा भाव विचारतात. मी ध्रुवावरून आणलेल्या बर्फाचे पातळ काप भिंगाखाली धरते आणि त्यातले स्फटिक कोणत्या दिशेला तोंड करून आहेत ते पाहते. याचा पगार मिळतो, यावर कर्जतजवळच्या आमच्या घरात अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही.

यंदा मला अंटार्क्टिकाला जायची संधी आली. तिकडचा एक उन्हाळा, म्हणजे आपले थंडीचे महिने. अडचण एकच, माझी लहान मुलगी कोण सांभाळणार? असले प्रश्न आमच्याकडे गणपतीतच निकालात निघतात. भावकी जमलेली असते, दुपारी जेवणं झाली की पत्ते पडतात, आणि डाव चालू असतानाच आबा, म्हणजे माझे थोरले चुलत सासरे, निर्णय देऊन टाकतात. बाकीचे माना डोलवतात. या घरात आजवर कोणी वेगळं मत दिलेलं नाही, याचा सगळ्यांना केवढा अभिमान!

"बर्फच बघायचा तर शिळफाट्याच्या बर्फाच्या कारखान्यात जा की गं," आबा म्हणाले. "एवढ्या लांब काय हाय?"

मी मधला पत्त्यांचा गठ्ठा उचलला. "हे बघा आबा. बर्फाचा स्फटिक असा थराथरांचा असतो. आडवा ढकलला की थर घसरतात, उभा दाबला तर हलत नाही. वरच्या बर्फात स्फटिक कसेही पडलेले असतात, एकमेकांना अडवतात. खाली हजारो वर्षं दाबून दाबून सगळ्यांचे थर एकाच दिशेला येतात. मग तो बर्फ भराभर वाहतो."

आबा एकदम खूश. "बघा! समदे एका दिशेला आसले का काम कसं सुरळीत चालतं. आमी तरी दुसरं काय सांगतो? पोर टाकून जायचं नाय."

माना डोलल्या. नवऱ्याचीही डोलली, हातातल्या पानांवरून नजर न काढता. मला असा संताप आला की गठ्ठा त्याच्या अंगावर फेकावासा वाटला.

"आबा, तो बर्फ वाहत जाऊन समुद्रात पडतो," मी म्हटलं. "आणि भावजी नोकरीला दुबईला गेले तेव्हा ही बैठक कुठे होती? तुम्ही तर हार घेऊन विमानतळावर गेला होतात. त्यांची पोरं कोणी सांभाळली?"

भावजी आपली पानं पुन्हा पुन्हा लावत बसले.

त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "मी सांभाळली," ती म्हणाली. "हिची बी सांभाळीन."

आबांनी घसा खाकरला. "मंग समद्यांचं एकमतच हाय म्हणा की."

माना पुन्हा डोलल्या, तितक्याच तत्परतेनं. नवरा तर म्हणाला, "मी कवा नको बोललो?"

जावेनं कप वाटले, रिकामा ट्रे काखेत मारला आणि माझ्याकडे वळली. "तू परत आलीस का मी जानार. तवा माझी पोरं तू बघायची."

"कुठं जानार गं तू?" भावजींनी घाबरून विचारलं.

"त्ये अजून ठरवलं नाय," ती म्हणाली.